सरबत वाचताना

मराठीत अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज बहुतेक एकच असतो. इंग्रजीतले ‘सी’ ‘कॅट’मध्ये ‘क’ होते, तशी फसवणूक मराठीचा ‘क’ करत नाही. फोनिक्सचे, म्हणजे अक्षर आणि आवाज जुळवून वाचायला शिकवण्याचे, निम्मे काम लिपीनेच करून ठेवलेले असते.

घरी सुरुवात तोंडी व्हावी. भेंड्या खेळताना शेवटचे अक्षर पकडणारे मूल शब्दाचे तुकडे पाडायला आपसूक शिकते. मग पाटी. पण क, ख, ग, घ या क्रमाने नव्हे. त्यातून वाचण्याजोगे शब्द फारसे हाती लागत नाहीत, आणि ङ, ञ तर मुलाला कुठे भेटतही नाहीत. घ, र, ब, स, त, म, क, ल एवढ्यांत घर, बस, कमल, सरबत होतात. काना आला की काका, मामा, बाबा. अर्धे नातेवाईक वाचून होतात.

खरी अडचण ‘सरबत’पाशी येते. मूल ‘स... र... ब... त...’ असे सुटे वाचते आणि शब्द कळत नाही, कारण प्रत्येक अक्षरातला ‘अ’ ते इमानाने उच्चारते. बोलताना मात्र ‘र’ आणि ‘त’मधला ‘अ’ गळतो, उरते सर्‌-बत्‌. हा नियम समजावून उपयोग नाही. ‘पटकन म्हण बरं’ एवढे पुरते, कारण सरबत जिभेच्या ओळखीचे असते. चहातला आणि चमच्यातला ‘च’ वेगळा, हेही असेच सुटते. म्हणून पहिले शब्द मुलाच्या रोजच्या बोलण्यातलेच हवेत.

घोकलेली बाराखडी गाणे म्हणून गोड, पण ‘कू’ दाखवला की मूल ‘क, का, कि’पासून मोजत येते. त्यापेक्षा एकच खूण अनेक अक्षरांना लावावी: का, मा, बा, रा. वेलांट्यांत दुसरी आधी घ्यावी. पहिली लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे ‘किती’ वाचताना डोळा अडखळतो. बोट वेलांटीवर न ठेवता अक्षराखाली ठेवले की सोपे जाते.

जोडाक्षरांची भीती मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त. चप्पल, गच्ची, पक्का यांत एकच आवाज दोनदा येतो, म्हणून ती आधी. ‘र’ सर्वांत शेवटी: चक्रात तो तिरकी रेघ होतो, ट्रकमध्ये ‘ट’च्या पायाशी बसतो, सूर्यात ‘य’च्या डोक्यावर चढूनही त्याच्या आधी उच्चारला जातो आणि पुऱ्यांमध्ये चौथेच रूप घेतो.