सोळा नाचरी माणसं

मुलांनो, शेरलॉक होम्स हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. लंडनच्या बेकर स्ट्रीटवर राहणारा, व्हायोलिन वाजवणारा आणि समोरच्याच्या बुटावरचा चिखल पाहून तो कुठून आला ते सांगणारा गुप्तहेर! त्याला जन्म देणारे लेखक आर्थर कॉनन डॉयल हे खरे डॉक्टर. १९०३ साली त्यांनी होम्सची एक गोष्ट लिहिली. तिचं नाव 'नाचणारी माणसं' असं आपल्याला मराठीत सांगता येईल.

इंग्लंडच्या नॉरफोक भागातल्या एका जमीनदाराच्या घरी विचित्र चित्रं दिसू लागतात. कधी खिडकीवर खडूनं काढलेली, कधी अवजारांच्या खोलीच्या दारावर. काड्यांसारखी छोटी माणसं. कुणाचे हात वर, कुणाचा एक पाय दुमडलेला, कुणी चक्क डोक्यावर उभा. जमीनदाराला वाटतं, असेल कुणा पोराचा खेळ. पण ती माणसं पाहून त्याच्या बायकोचा चेहरा पांढराफटक पडतो, आणि कारण काही ती सांगत नाही.

होम्स ओळखतो, की ही चित्रं नसून लिपी आहे. एक माणूस म्हणजे एक अक्षर. पहिल्या चिठ्ठीत पंधरा माणसं असतात, त्यातली चार अगदी एकसारखी. इंग्रजीत 'ई' हे अक्षर सगळ्यात जास्त वेळा येतं, तेव्हा हा सारखा येणारा माणूस 'ई' असणार! काही माणसांच्या हातात झेंडा असतो. झेंडा आला, की शब्द संपला. मग पाच माणसांचा एक शब्द मिळतो. त्यात दुसरा आणि चौथा 'ई'. कुणाच्या तरी विनवणीला दिलेलं हे उत्तर, म्हणजे 'नेव्हर', कधीच नाही! अशी एकेक वीट काढत होम्स अख्खी भिंत पाडतो. अक्षरं मोजण्याची ही युक्ती तशी फार जुनी. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानानं ती लिहून ठेवली होती.

ही गोष्ट मी माझ्या पाचवीच्या मुलांना सांगितली ती डिसेंबर २०२० मध्ये, आणि तीही फोनवरून. तुम्हाला ते दिवस आठवतच असतील. मार्चपासून शाळा बंद होती. आमची शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. वर्ग भरायचा तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर. तोही संध्याकाळी, कारण दिवसा आईवडील कापूस वेचायला जायचे आणि फोन त्यांच्याबरोबर जायचा. एकेका फोनभोवती तीन-तीन घरची मुलं बसायची. स्वाध्याय पाठवला की गटावर सामसूम. नाचणारी माणसं सांगितली आणि गटावर एकदम गलका उडाला!

"बाई, आपल्याला पण द्या ना असली चिठ्ठी!"

मराठी चिठ्ठी इंग्रजीसारखी करता येत नाही. आपल्याकडे नुसती अक्षरं नाहीत. काना आहे, मात्रा आहे, वेलांटी आहे, टिंब आहे. म्हणून मी नियम ठरवले. प्रत्येक अक्षराला एक माणूस. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांनाही आपापला वेगळा माणूस. आधी अक्षर, मग त्याचा काना किंवा वेलांटी, टिंब शेवटी. जोडाक्षर वापरायचं नाही, हे मी चोराच्या वतीनं कबूल केलं.

हो, चोर! शाळेतली एक वस्तू गायब झाली आहे आणि चोर रोज एक चिठ्ठी पाठवणार आहे, असं मी जाहीर केलं. दोन मिनिटांत पहिलं उत्तर आलं, "चोर बाईच आहेत." त्याकडे मी दुर्लक्ष केलं.

गुप्तहेरांना खरी नावं चालत नाहीत, म्हणून मुलांनी टोपणनावं घेतली. मुंगी, साळुंकी, पिंगळा, मुंगूस. एकानं 'खार' घेतलं. मुलगा असून खार! पण नाव त्याला शोभायचं. आमच्या शाळेच्या आवारातल्या चिंचेवर तो जितका वेळ असायचा, तितका वर्गात नसायचा. वाचताना अडखळायचा, म्हणून पुस्तक उघडलं की त्याला तहान लागायची. दसऱ्यानंतर तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेला होता. टोळीतल्या एका काकांकडे टचस्क्रीनचा फोन होता. काका फडातून कोपीवर आले, की खार गटावर यायचा. तो लिहायचा नाही, बोलून पाठवायचा.

आधी आम्ही मोजणी केली. मराठीत सगळ्यात जास्त वेळा काय येतं? प्रत्येकानं पाठ्यपुस्तकातला एकेक परिच्छेद घेतला आणि पाटीवर रेघा ओढल्या. मुंगी ही आमच्या किराणा दुकानदारांची मुलगी, हिशेबाला पक्की. तिनं सगळ्यांच्या रेघांची बेरीज केली. कान्यानं इतक्या फरकानं बाजी मारली, की दुसऱ्या नंबरची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

मग पहिली चिठ्ठी. चौदा माणसं, चार शब्द. शब्दांत अनुक्रमे चार, तीन, चार आणि तीन माणसं. हात वर केलेला माणूस तीनदा आला होता आणि डोक्यावर उभा राहिलेला दोनदा. बाकी सगळे एकेकदाच.

"हात वरचा म्हणजे काना," मुंगीनं निकाल दिला. तो पहिल्या आणि दुसऱ्या शब्दाच्या शेवटी होता आणि तिसऱ्यात दुसरा. डोक्यावरचा माणूस मात्र दुसऱ्या आणि चौथ्या शब्दाच्या सुरुवातीला उभा होता. तो कोण?

एक तास गटावर नुसते तर्ककुतर्क चालले. आणि मग पिंगळ्याच्या आईनं, पिंगळ्याच्याच फोनवरून, एक वाक्य टाकलं : "आपलं निम्मं बोलणं 'आहे'वर संपतं की!"

बघा, ही गंमत होम्सला सुचली नसती. इंग्रजीत क्रियापद मध्येच कुठंतरी येतं, आपल्याकडे ते शेवटी येऊन बसतं. शेवटचा शब्द तीन माणसांचा : आ, ह आणि मात्रा. 'आहे'! म्हणजे डोक्यावर उभा असलेला 'आ'. मग दुसरा शब्द : आ, काहीतरी, काना. आला, आबा, आशा, आजा, आता... 'आला' म्हणावं, तर 'आला' आणि 'आहे' यांच्या मध्ये हा तिसरा शब्द कुठून घुसला? 'आता'च बरोबर वाटत होतं. पण मुंगीनं सगळ्यांना बजावलं, पेन्सिलीनं लिहा, पेननं नको.

दुसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी. पंधरा माणसं, तीन शब्द : दोन माणसांचा, नऊंचा आणि चारांचा. या वेळी एक पाय दुमडलेला माणूस तीनदा आला होता आणि काना दोनदाच! गटावर घबराट. "कान्यानं वेश बदलला का काय?" मुंगीनं शांतपणे सांगितलं, की पंधरा माणसांच्या मोजणीवर कुणी भरवसा ठेवतं का? दोन्ही चिठ्ठ्या एकत्र मोजा. तशा मोजल्यावर काना पाच आणि पाय दुमडलेला चार. काना जागच्या जागी होता.

मग मुंगसाला दिसलं, की पाय दुमडलेला तिन्ही शब्दांच्या शेवटी आहे. शेवटच्या शब्दात दुसरा काना, तिसरा 'ह'. 'नाही'! आणि 'काही' का नाही? कारण वाक्य तिथं संपत होतं. तर पाय दुमडलेला म्हणजे दुसरी वेलांटी. पहिल्या शब्दातला पहिला माणूस 'आता'तल्या 'त'सारखाच होता, म्हणजे तो शब्द 'ती'. पेन्सिलीचं 'आता' आता पेननं लिहायला हरकत नव्हती.

"ती... काहीतरी... नाही."

व्याकरणाचा तास कुणाला आवडतो, सांगा? पण त्या संध्याकाळी साळुंकीनं गटावर एकटीनं लिंगविचार शिकवला. हरवलेली वस्तू 'ती' आहे, म्हणजे स्त्रीलिंगी. पहिल्या चिठ्ठीतला तिसरा शब्द : काहीतरी, काना, काहीतरी, दुसरी वेलांटी. चोर बोलतोय, तेव्हा 'माझी'. आणि पहिल्याच शब्दात त्या वस्तूचं नाव. चार माणसं, शेवटी काना. स्त्रीलिंगी, पण वेलांटी नाही! खुर्ची गेली, पेटी गेली, बादली गेली. मग 'शाळा'? चोरानं अख्खी शाळा नेली? पण 'शाळा'त दुसरा माणूसही काना हवा, तो नव्हता. अडलं गाडं.

मधल्या नऊ माणसांच्या शब्दाकडे कुणी बघायलाच तयार नव्हतं. इतका लांब! त्यातला पहिला आणि चौथा माणूस सारखे, पाचवी मात्रा, सातवा काना, नववी दुसरी वेलांटी. बस्स.

रात्री साडेनऊला खारेचा आवाज आला. मागं कुठंतरी बैलांच्या घुंगरांचा आवाज होता.

"बाई, ती चिचंखाली न्हाई. आमी तिथंच डबा खायचो न्हाई का!"

त्यानं अक्षरं मोजली नव्हती, चिठ्ठी वाचलीही नव्हती. काकांनी वाचून दाखवलेल्या 'ती... काहीतरी... नाही' वरून तो सरळ शाळेच्या आवारात जाऊन पोचला होता. मुंगीनं लगेच मोजलं आणि आक्षेप घेतला : च, वेलांटी, च, टिंब, ख, काना, ल, वेलांटी. माणसं आठच होतात! चिठ्ठीत नऊ आहेत. शिवाय सारखी माणसं पहिली आणि चौथी आहेत, तुझा 'च' तिसराच येतो.

खार गप्प. मला वाटलं, संपलं. पण साळुंकी लिहू लागली. तो म्हणतोय तसं आपण बोलतो. पुस्तकात 'चिंचेखाली' असं लिहितात. च, वेलांटी, टिंब, च, मात्रा, ख, काना, ल, वेलांटी. नऊ! 'च' पहिला आणि चौथा. मात्रा पाचवी. सगळं चपखल बसलं.

आणि मग तो तिसरा माणूस, कमरेवर हात ठेवलेला, टिंब निघाला. हाच माणूस पहिल्या चिठ्ठीतल्या पहिल्या शब्दात दुसरा उभा होता. काहीतरी, टिंब, काहीतरी, काना. स्त्रीलिंगी. शाळेतली.

सात-आठ फोनवरून एकाच वेळी उत्तर आलं. घंटा! घंटा आता माझी आहे. ती चिंचेखाली नाही.

आमच्या शाळेची घंटा पितळी आहे. नऊ महिने तिच्यावर कुणी टोल मारला नव्हता. मुख्याध्यापकांना विचारून मी ती पिशवीत घालून घरी आणली होती.

गोष्टीत होम्स पुढे काय करतो माहीत आहे? त्याच लिपीत तो स्वतः एक चिठ्ठी लिहितो : लगेच इकडे ये. ही लिपी परक्याला येणारच नाही, असं समजून गुन्हेगार आपल्या पायांनी चालत येतो. (त्याच्या आधी काय घडलेलं असतं ते मी सांगत नाही, गोष्ट मिळवून वाचा.) मुलांनाही चोराला चिठ्ठी लिहायची होती. 'घंटा परत दे.' पण 'प' कुठाय? 'र' नाही, 'द' नाही. दोन चिठ्ठ्यांतून हाताशी आलेली माणसं मोजून सोळा : घ, ट, त, म, झ, ह, च, ख, ल, न, आ आणि काना, मात्रा, दोन्ही वेलांट्या, टिंब. जे काही म्हणायचं, ते या सोळांत म्हणायचं!

दोन दिवस शब्दांची नुसती बरसात. तिखट, चिमटा, खाट, माती, टाच, हात. (तुम्हीही करून बघा, कितीतरी होतात.) चोराला धमकी देण्याजोगं मात्र काही जमेना. अखेर मुंगसानं अकरा माणसांची चिठ्ठी पाठवली :

घंटा आमची आहे.

मी म्हटलं, 'आपली' असतं तर आणखी छान झालं असतं, पण 'प' नाही ना आपल्याकडे. तर साळुंकी म्हणाली, "नाही बाई, 'आमची'च पाहिजे. 'आपली' म्हटलं की त्यात चोर पण आला."

शनिवारी सकाळी मी घंटा जागेवर टांगली आणि वाजवली. फोनवर आवाज भरून गटावर टाकला, पण गावातल्या मुलांना त्याची गरजच पडली नाही. घंटा ऐकून ती पळतच आवाराच्या भिंतीपाशी आली होती. काही मोठी माणसंही आली, शाळा सुरू झाली की काय म्हणून. त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

खारेकडून काही उत्तर नाही. शनिवार गेला, रविवार गेला. काकांच्या फोनचं रिचार्ज संपलं असेल, नाहीतर टोळी दुसऱ्या फडावर गेली असेल.

सोमवारी रात्री गटावर एक फोटो आला. पाचटाच्या ढिगाशेजारी मोकळी माती, आणि तिच्यावर काडीनं काढलेली पाच माणसं. दुसऱ्याच्या आणि पाचव्याच्या हातात झेंडा. पहिली दोन म्हणजे 'माझी'तली पहिली आणि शेवटची. पुढची तीन, चोराच्या पहिल्या चिठ्ठीतला शेवटचा शब्द.

ओळखा बरं, काय लिहिलं होतं?