रोजची एक गोळी

रक्ताचा कर्करोग म्हटले की आपल्या माणसांना चित्रपटातील शेवटचे दृश्य आठवते. माझा आजार त्याच कुळातला, पण त्याची चाल निराळी आहे. क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया हे त्याचे नाव. मधुमेहासारखा त्याच्यासोबत संसार करावा लागतो. पांढऱ्या पेशी साधारणतः अकरा हजारांच्या आत असाव्यात. निदानाच्या वेळी माझ्या दीड लाखावर होत्या. थकवा मात्र दहावीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुणालाही यावा, तेवढाच होता.

अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि पेशी अनावर वाढू लागतात. हा दोष आईवडिलांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही; स्पर्शाने तर मुळीच पसरत नाही. तरीही एका परिचित घरी सर्वांना चिनी मातीच्या कपात चहा आला आणि मला कागदी पेल्यात. वेगळा पेला म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी समजावून सांगायला नको.

इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली आणि या रोगाचे रूपच पालटले. ती आपल्या हाती कशी आली, हे इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. २००५ मध्ये ते बदलले. पण कलम ३(ड) ने जुन्याच औषधाच्या किरकोळ फेरबदलाला पेटंट नाकारले. नोव्हार्टिस कंपनीच्या अर्जाला मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननेही विरोध केला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. तेव्हा कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे एक लाख वीस हजार रुपये लागत, देशी गोळ्यांना सुमारे आठ हजार. कंपनी अनेक रुग्णांना औषध मोफत देई, हेही खरे. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्काला कुणाची मर्जी लागत नाही. माझ्या पगारात माझी गोळी बसते, ती या निकालामुळे.

गोळी जेवणासोबत, पेलाभर पाण्याने घ्यायची. डोळ्यांभोवती सूज येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. खरी परीक्षा निराळीच: अगदी बरे वाटत असतानाही गोळी घ्यायची. वरचेवर चुकली, तर दबलेला रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्तातील बदललेल्या जनुकाचे प्रमाण मोजतात.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी किंवा पालकांपैकी कुणी या तपासणीसाठी सातारा-सोलापूरकडून एसटीने पुण्याला येत असेल, तर स्वारगेटला उतरून थेट माझ्याकडे यावे. घर स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पत्ता शाळेच्या कार्यालयात मिळेल.