पाच दिवसांची रजा

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्याच्या पंचांगात रविवार नसतो. यजमानांच्या आजाराला सहा वर्षे झाली. या काळात फणसवाडीहून ठाकुरद्वारापर्यंत जाऊन भाजी आणणे हाच माझा प्रवास होता. माझा रक्तदाब वाढला, झोप तुटली, तेव्हा डॉक्टरांनी गोळी वाढविण्याआधी विचारले, "तुम्ही शेवटची रजा कधी घेतली?" उत्तर देण्यासारखे काही नव्हते.

धाकट्या वन्सं डोंबिवलीहून राहावयास आल्या. "वहिनी, दादाला मी सांभाळते. तुम्ही कुठेतरी जाऊन या," असे म्हणाल्या. मी एकटीच मोटारीने कोकणात उतरून घाट चढून परत येणार, हे ऐकल्यावर मात्र त्याही क्षणभर गप्प झाल्या. माझे वय सासष्ट. पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच वाढवून मिळतो आणि त्याला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. ते मी प्रत्येक वेळी निष्ठेने जोडले होते. गाडी चालविणे ही एकच गोष्ट अशी होती, की जी मला अजून कुणाच्या मदतीवाचून येत होती.

जाण्यापूर्वीचा आठवडा वही लिहिण्यात गेला. अशा रुग्णाला माणूस बदलल्यापेक्षा दिनक्रम बदलल्याचा त्रास अनेकदा अधिक होतो. म्हणून चहा कोणत्या कपात, अंघोळ किती वाजता, दिवेलागणीला अस्वस्थता वाढली की कोणती जुनी गाणी लावायची, हे सगळे लिहिले. गोळ्या वारांच्या कप्प्यांच्या डबीत भरल्या. माझ्या गोळ्यांपैकी कोणत्या गोळीने गुंगी येते, लघवीला नेणारी गोळी कधी घ्यावी, हेही डॉक्टरांना विचारून घेतले.

भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट रो-रोने मांडवा गाठायला तासभर लागतो. मुंबई मागे जाताना मला आनंद होईल असे वाटले होते. पण झाली ती हुरहूर. रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड-जंजिरा. तेथून आगरदांड्याची फेरी दिघीला उतरवते. खाडी आली की रस्ता संपतो आणि होडीची वाट पाहावी लागते, ही या सागरी रस्त्याची खरी मौज. ती सक्तीची विश्रांती पायांना फार मानवते. एरवीही तास-दीड तासाने मी थांबत असे, चार पावले चालत असे, टाचा उचलून पोटऱ्या हलवीत असे. बराच वेळ पाय लोंबकळत राहिले की रक्त साकळण्याचा धोका असतो. रस्त्यात बायकांसाठी स्वच्छ सोय नाही म्हणून पाणीच न पिण्याची आपली जुनी खोड मात्र घातक. मी खानावळीत आधी सोय पाहायची आणि मगच जेवण सांगायचे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, म्हणून सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, हा नियम पाळला. दुसरी रात्र दापोलीजवळच्या दुसऱ्या मुरुडात काढली. हे महर्षी कर्व्यांचे गाव. येथून ते मुलगेपणी परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही. पुढे हेच गृहस्थ १०४ वर्षे जगले!

त्याच संध्याकाळी वन्संचा दूरध्वनी आला. यजमान दोनदा दारापर्यंत जाऊन आले होते. "ती बाई कुठे गेली?" असे विचारीत होते. माझे नाव त्यांना आठवत नाही, याला दीड वर्ष झाले. समुद्रावर अंधार पडत होता आणि मी खुर्चीत बसून हिशेब करीत राहिले, की पहाटे निघाले तर दुपारपर्यंत घरी पोचेन. वन्सं म्हणाल्या, "आलात तर हरकत नाही. पण मग पुन्हा कधी निघणार नाही तुम्ही." मी गेले नाही. त्या रात्री सहा तास झोपले.

दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, मग चिपळूण. चौथ्या दिवशी कुंभार्ली घाट चढले. दमट हवा वळणावळणाला हलकी होत गेली, कोयनानगरला शाल काढावी लागली. घाटात मागच्या ट्रकला वाट देण्यात कमीपणा नाही. मी पाच-सहांना दिली. साताऱ्यास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उन्हे उतरण्यापूर्वी घरी पोचले.

वन्संनी वहीच्या मागच्या पानांवर रोजचे लिहून ठेवले होते. दोन रात्री झोप अपुरी. जेवण मात्र माझ्या हातच्यापेक्षा जास्त. ते वाचून बरे वाटले आणि थोडे लागलेही. यजमान खिडकीशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, बाजूची खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, "चहा घेणार का?" वन्संनी पुढच्या रजेसाठी फाल्गुनातला आठवडा सांगितला आहे.