५१ पैकी ५१

लंडनच्या पूर्वेला, थेम्सच्या उत्तर काठावर, बार्किंग आणि डॅगनम नावाचा बरो आहे. लंडन शहरात असे ३२ बरो आहेत. प्रत्येकाचे कौन्सिल वेगळे, आणि दर चार वर्षांनी मे महिन्यात एकाच दिवशी त्याच्या सगळ्या जागांसाठी मतदान होते. कचरा, ग्रंथालये, भाड्याची सरकारी घरे, म्हाताऱ्यांची देखभाल, बांधकामाच्या परवानग्या असा सगळा रोजच्या जगण्याचा कारभार या कौन्सिलकडे असतो. या बरोच्या दोन निवडणुकांचे निकाल शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. मे २००६ : मजूर पक्ष ३८, ब्रिटिश नॅशनल पार्टी १२, हुजूर पक्ष १. मे २०१० : मजूर पक्ष ५१. पुढे कुणाचेच नाव नाही.

ब्रिटिश नॅशनल पार्टी, म्हणजे बीएनपी, हा उघड वंशवादी पक्ष. २०१० सालापर्यंत गोऱ्यांखेरीज कुणाला त्याचे सभासदही होता येत नव्हते. समानता आयोगाने कोर्टात खेचल्यावर नाइलाजाने त्यांनी घटना बदलली. अशा पक्षाने २००६ मध्ये या बरोत फक्त १३ उमेदवार उभे केले आणि त्यांतले १२ निवडून आले. एका रात्रीत तो कौन्सिलमधला मुख्य विरोधी पक्ष झाला. एका कौन्सिलमध्ये इतक्या जागा त्याला इंग्लंडमध्ये त्याआधी कुठेच मिळाल्या नव्हत्या. निकाल ऐकून लंडन हादरले. बरोतल्या आफ्रिकी आणि आशियाई कुटुंबांना तर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यांनी मुले शाळेत सोडायची होती. शेजारच्या कुठल्या घराने कुणाला मत दिले असेल, हा विचार त्या दिवशी मनात आल्यावाचून राहिला नसेल.

हे कसे घडले याचे उत्तर घरांच्या इतिहासात सापडते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ ते १९३५ या काळात, लंडन काउंटी कौन्सिलने इथल्या शेतजमिनींवर बेकनट्री नावाची वसाहत उभारली. पंचवीस हजारांहून अधिक घरे. सरकारने बांधलेली एवढी मोठी वसाहत तेव्हा जगात दुसरी नव्हती. ईस्ट एंडच्या कोंदट खोल्यांतून आलेल्या कामगारांना इथे घरातच संडास, वीज आणि पुढेमागे बाग मिळाली. १९३१ मध्ये फोर्डचा कारखाना सुरू झाला. १९५० च्या दशकात त्यात सुमारे ४० हजार माणसे काम करीत होती. मोटारींच्या सीटची कव्हरे शिवणाऱ्या तिथल्या बायकांनी १९६८ साली संप केला आणि त्या रेट्यातून १९७० चा समान वेतनाचा कायदा झाला. बापामागून मुलगा त्याच कारखान्यात, मुलीला लग्नानंतर त्याच वसाहतीत घर, आणि मत मजूर पक्षाला : असे तीन पिढ्यांचे आयुष्य होते. त्यात अभिमान होता आणि तो खरा होता.

मग दोन खांब एकापाठोपाठ खचले. थॅचर सरकारच्या १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. अनेकांनी घेतले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण विकलेल्या घरांच्या जागी नवी घरे कौन्सिलांनी बांधलीच नाहीत. त्यांना तेवढी मुभाही नव्हती. त्यातली बरीच घरे पुढे खासगी मालकांकडे गेली. तिथे लंडनमधले सगळ्यांत स्वस्त भाडे होते, म्हणून नव्याने आलेली कुटुंबे तिथेच आली. फोर्डने २००२ मध्ये डॅगनममध्ये मोटारी बनवणे बंद केले, इंजिनांचे काम तेवढे राहिले. २००१ च्या जनगणनेत बरोतले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक गोरे ब्रिटिश होते. २०११ मध्ये ते निम्म्याच्या किंचित खाली आले. इतका वेगवान बदल एका दशकात पचवणे कुठल्याही वस्तीला जड जाते. आणि ज्या मुलीला आईच्या गल्लीत घर मिळायचे, तिला आता वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागत होते.

त्या रांगेतल्या माणसाला बीएनपीने एक पत्रक दिले. कौन्सिल आफ्रिकी कुटुंबांना इथे घर घ्यायला ५० हजार पौंडांपर्यंत गुपचूप देते, असे त्यात म्हटले होते. ही धादांत थाप होती, अशी कुठलीही योजना नव्हती. पण तिच्यावर विश्वास बसला, कारण घर खरोखरच मिळत नव्हते आणि ते का मिळत नाही हे सांगायला दुसरे कुणी दारात आले नव्हते.

मजूर पक्षाचा इथला हा दोष मोठा आहे आणि तो स्पष्ट लिहायला हवा. पिढ्यानपिढ्या सत्ता हाती असल्याने कार्यकर्त्यांचे घरोघर जाणे थांबत गेले होते. इशारा आधीच मिळाला होता. सप्टेंबर २००४ मध्ये गोअर्सब्रुक वॉर्डातली पोटनिवडणूक बीएनपीने निम्म्याहून जास्त मते घेऊन जिंकली. २००५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत बार्किंग मतदारसंघात बीएनपीच्या रिचर्ड बार्नब्रुक यांना ४,९१६, म्हणजे १६.९ टक्के मते पडली. त्या वर्षी देशात कुठेही त्या पक्षाला याहून मोठा वाटा मिळाला नाही. २००६ च्या मतदानाच्या तोंडावर बार्किंगच्या खासदार आणि तेव्हाच्या मंत्री मार्गारेट हॉज यांनी एका वर्तमानपत्राला सांगितले, की आपल्या मतदारसंघातल्या दहापैकी आठ गोऱ्या कुटुंबांना बीएनपीला मत देण्याचा मोह होतो आहे. त्यांच्याच पक्षातले लोक संतापले. अशा बोलण्याने त्या पक्षाला फुकट प्रसिद्धी मिळाली, हा आरोप त्यांच्यावर पुढे कायम राहिला. वर्षभराने त्यांनीच, घरे वाटताना इथल्या जुन्या रहिवाशांच्या हक्काच्या भावनेचा विचार व्हावा, असे लिहिले आणि तेव्हाही सहकाऱ्यांची टीका ओढवून घेतली. ती टीका योग्य होती. रांगेत उभ्या असलेल्या दोघांपैकी कोण जुना आणि कोण नवा हे मोजत बसल्याने रांग लहान होत नाही. घरे बांधल्याने होते.

पण हॉज बोलून थांबल्या नाहीत. पुढची चार वर्षे त्या गल्लोगल्ली कॉफीची बोलावणी करीत राहिल्या. राजकारणाचे भाषण नाही. लोकांना काय खुपते ते आधी ऐकायचे, आणि ते काम झाले की परत जाऊन सांगायचे. बहुतेक तक्रारी गल्लीतल्याच, म्हणजे एका खासदाराने कधी हातात घेऊ नयेत असे पूर्वी मानले जाई तेवढ्या लहान. त्या सुटू लागल्या तशी दारे उघडू लागली. शेजारच्या मतदारसंघात तिथले मजूर पक्षाचे खासदार जॉन क्रूडस हेच काम आपल्या रीतीने करीत होते. जोडीला वंशवादविरोधी ‘होप नॉट हेट’ या संघटनेचे शेकडो स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी बसने, ट्यूबने येऊन पत्रके वाटत हिंडले. आफ्रिकी चर्चमधून आणि मशिदींतून मतदार नोंदणी झाली. ज्यांच्या विरोधात बीएनपीचे राजकारण चालले होते, त्यांच्यातल्या अनेकांना मताचा हक्क आहे हेच ठाऊक नव्हते.

भारतीयांनाही हे फारसे ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकाला तिथल्या कौन्सिलच्या आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देता येते. त्यासाठी ब्रिटिश नागरिक व्हावे लागत नाही. पुण्याहून दोन-तीन वर्षांच्या कामावर गेलेला इंजिनीअर, नाशिकची नर्स, कोल्हापूरचा विद्यार्थी, सगळे भारतीय पासपोर्टवर मतदार होऊ शकतात. नाव नोंदवावे लागते, एवढेच. आपण पाहुणे आहोत, इथल्या कारभारात आपण कशाला पडायचे, असे म्हणून मराठी माणूस पुष्कळदा ते करीत नाही. डॅगनमची कथा वाचल्यावर तरी ते करावे. आपल्या गल्लीतला नगरसेवक कोण होतो, याची किंमत सर्वांत आधी पाहुणाच मोजतो.

बीएनपीचे बारा नगरसेवक निवडून येऊन या काळात काय करीत होते? घरांच्या रांगेवर त्यांच्याकडे उत्तर नव्हते, कारण ते कधी शोधलेच नव्हते. बार्नब्रुक यांनी बरोत खून झाल्याचे खोटेच सांगितले आणि त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना कौन्सिलमधून महिनाभर निलंबित करण्यात आले. २०१० मध्ये पक्षाचे अध्यक्ष निक ग्रिफिन स्वतः बार्किंगमधून संसदेसाठी उभे राहिले, आणि पक्षाने यावेळी कौन्सिलच जिंकायची भाषा सुरू केली. दोन्ही निवडणुका ६ मे रोजी एकाच दिवशी होत्या, त्यामुळे एरवी कौन्सिलकडे पाठ फिरवणारे हजारो लोक केंद्रावर आले. हॉज यांना २४,६२८ मते पडली आणि त्या १६,५५५ मतांनी निवडून आल्या. ग्रिफिन तिसरे. कौन्सिलची मोजणी झाली तेव्हा बीएनपीच्या बाराही जागा गेल्या होत्या.

तो दिवस आनंदाचाच होता. मतपेटीतून आलेला द्वेष मतपेटीतूनच बाहेर काढता येतो, आणि तेही पायी फिरून, याचे एवढे ठळक उदाहरण इंग्लंडच्या स्थानिक राजकारणात क्वचित मिळेल. तरीही त्या निकालातला एक आकडा बाजूला काढून पाहायला हवा. ग्रिफिन यांची मते ६,६२०. पाच वर्षांपूर्वीच्या बार्नब्रुक यांच्या मतांहून ती सतराशेंनी जास्त आहेत. मतदान खूप वाढले म्हणून त्यांचा वाटा १४.६ टक्क्यांवर उतरला. माणसे मात्र कमी झाली नव्हती. ती होती तिथेच, त्याच घरांत होती. कौन्सिलमध्ये त्यांच्या वतीने बोलणारे कुणी उरले नव्हते, आणि हुजूर किंवा लिबरल डेमोक्रॅट मतदारांच्या वतीनेही नव्हते.

हे मतदानाच्या पद्धतीमुळे होते. तिथे तेव्हा एका वॉर्डात तीन नगरसेवक होते. मुंबई सोडून महाराष्ट्रातल्या बाकी महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, पण आपल्याकडे प्रभागातल्या अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत वेगळी असते. तिथे सगळे उमेदवार एकाच यादीत, मतदाराच्या हाती तीन मते, आणि सर्वाधिक मते मिळवणारे तिघे विजयी. वॉर्डातले चाळीस टक्के लोक एका पक्षामागे आणि उरलेले विभागलेले असले, तर तिन्ही जागा त्या एका पक्षाला. हे वॉर्डामागून वॉर्ड घडले की ५१ पैकी ५१ होतात. याच पद्धतीने २००६ मध्ये बीएनपीलाही हात दिला होता. त्यांनी आणखी उमेदवार उभे केले असते तर काय झाले असते, याची धास्ती मजूर पक्षाने पुढे चार वर्षे बाळगली.

२०१४, २०१८ आणि २०२२, तिन्ही वेळा इथे पुन्हा ५१ पैकी ५१ जागा मजूर पक्षाकडे गेल्या. या काळात लोकांचे मन एकसुरी होते असे म्हणता येत नाही. २०१५ च्या संसदेच्या निवडणुकीत बरोशी जोडलेल्या दोन्ही मतदारसंघांत यूकिप हा युरोपविरोधी पक्ष दुसरा आला; डॅगनम अँड रेनममध्ये त्याला जवळजवळ तीस टक्के मते होती. २०१६ च्या सार्वमतात बरोतल्या ६२.४ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. लंडनच्या बत्तीसपैकी फक्त पाच बरोंनी तसे केले. कौन्सिलच्या सभागृहात ज्या रागाला एकही खुर्ची नव्हती, तो सार्वमताच्या एका दिवशी ब्रसेल्सवर निघाला. हा राग सगळाच वंशवादी होता, असे मानणे अन्यायाचे होईल. घराच्या रांगेत असलेला, फोर्डची नोकरी गेलेला माणूसही त्यात होता.

२००० च्या कायद्यानुसार इंग्लंडच्या बहुतेक कौन्सिलांत निर्णय मंत्रिमंडळासारखी एक छोटी समिती घेते आणि बाकीच्या नगरसेवकांच्या तपासणी समित्यांनी तिला प्रश्न विचारायचे असतात. जिथे सगळेच एका पक्षाचे, तिथे प्रश्न विचारणाऱ्याला पुढच्या वेळी तिकीट त्याच पक्षाकडून हवे असते. मनापासून प्रश्न विचारणारे नगरसेवक अशा सभागृहातही असतात, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण व्यवस्था अशा माणसांच्या हिमतीवर सोडून देणे बरे नाही. याच पूर्व लंडनमधल्या न्यूहॅममध्ये २०१०, २०१४ आणि २०१८ मध्ये साठच्या साठ जागा मजूर पक्षाच्या होत्या. २०२२ मध्ये तिथे ग्रीन पक्षाचे दोन नगरसेवक आले. ६६ जणांत दोघे. ठराव हरवायला ते पुरे नाहीत, पण वेगळ्या बाकावरून प्रश्न विचारायला दोघेही पुरतात.

स्कॉटलंडने २००७ पासून स्थानिक निवडणुकांत पसंतीक्रमाची, मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत आणली. तिथे कौन्सिलमध्ये एकाच पक्षाचे पूर्ण राज्य अपवादाने दिसते, तडजोडी कराव्या लागतात, कारभार कधी कधी रेंगाळतोही. वेल्समध्ये २०२१ च्या कायद्याने कोणती पद्धत घ्यायची ते ठरवण्याचा अधिकार प्रत्येक कौन्सिलला दिला. इंग्लंडमधल्या कौन्सिलांना तो अधिकार नाही. २०११ मध्ये मतदान पद्धतीवर देशभर सार्वमत झाले, पण ते संसदेपुरते होते, आणि त्यातला पर्यायही मतांच्या प्रमाणात जागा देणारा नव्हता. नगरसेवक कसा निवडावा हे डॅगनमच्या माणसाला त्यात कुणी विचारले नाही. विचारले असते आणि त्याने प्रमाणात जागा देणारी पद्धत निवडली असती, तर बीएनपीलाही दोन-चार खुर्च्या द्याव्या लागल्या असत्या, आणि समोर बसलेल्या त्या दोन-चार जणांना घरांच्या यादीचे खरे आकडे भर सभागृहात वाचून दाखवता आले असते.