मॉरिसचा डावा पंख

आमच्या मामांची मोटार जालन्यातल्या एकाच पत्र्याच्या शेडखाली उभी राहून तीन राज्यांत राहून आली आहे. 1951 साली आजोबांनी ती हैदराबादेत एका साहेबाकडून घेतली, तेव्हा जालना हैदराबाद राज्यात होते. 1956 साली ते मुंबई राज्यात गेले, 1960 साली महाराष्ट्रात आले. 1981 साली तर जालन्याचा स्वतंत्र जिल्हाच झाला. मोटार मात्र 1949 सालची विलायती मॉरिस मायनर होती ती तशीच राहिली.

दर पाच वर्षांनी तिची नोंदणी वाढवावी लागते आणि त्यासाठी तिला तपासणीला न्यावे लागते. आदल्या रात्री मामांचा डोळा लागत नाही. 2024 साली मामेभावाने पुण्याहून फोनवर तोड सुचवली. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी निघाली आहे. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षे चिंता नाही. फक्त गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

मामी गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग नवरात्रात अंबडला कशानं जायचं?”

मत्स्योदरीच्या दर्शनाला दोघे लग्नापासून याच गाडीतून जातात. विषय तिथेच संपला.

अडचण एकच होती. या गाडीला वळण दाखवणारे दिवे नाहीत. दोन्ही दारांमागच्या खांबांतून बोटभर दांडी बाहेर येते, तिच्यात पिवळा दिवा असतो. आम्ही तिला पंख म्हणतो. उजवा पंख आज्ञाधारक, डावा मात्र अडून बसतो.

“तू डावीकडे बस,” मामा म्हणाले. “मी बटण फिरवलं की मागं खांबाला कोपर मार. सहज लागल्यासारखं.”

परीक्षेच्या वर्गात वीस वर्षे मुलांच्या बाह्या तपासणारा मी, हो म्हणालो. मामांना नाही म्हणण्याची आमच्या घरात रीत नाही.

निरीक्षक बाई तरुण होत्या, पण चष्म्यावरून पाहण्याची कला त्यांना साधली होती. चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून, पेन्सिल घासून छाप घ्यायचा असतो. त्यांचा माणूस गाडीखाली गेला आणि रिकामाच बाहेर आला. या गाडीला वेगळी चेसिसच नाही, सांगाडा आणि अंग एकच! नंबराची पट्टी बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर सापडली. मग बाईंचे लक्ष पुढच्या बंपरकडे गेले. तो मध्ये जोडलेला.

“अपघात झाला होता?”

मामा याच प्रश्नाची वाट पाहत असावेत. गाडीचा आराखडा करणाऱ्या अलेक इसिगोनिसला तयार नमुना अरुंद वाटला. त्याने तो उभा कापून दोन्ही भाग चार इंचांनी लांब सरकवले. बंपर आधीच तयार झाले होते, म्हणून तेही कापून मध्ये तुकडा घातला. बॉनेटवरची मधली सपाट पट्टी त्याचीच खूण. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांनी या गाडीला पाण्यात शिजवलेले अंडे म्हटले होते. पुढे अशा दहा लाखांवर गाड्या खपल्या. बाई ऐकत होत्या. मागे रांगेतला टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“बरं, इंडिकेटर दाखवा.”

उजवा पंख डौलात उठला. मग मी कोपर मारले, पण मामांनी बटण फिरवायच्या आधीच. दुसऱ्यांदा मारले. तिसऱ्यांदा मारले तेव्हा पंख ताडकन बाहेर आला आणि आत जाईना.

“सर, तुम्हाला काही होतंय का?”

मी खरे सांगून टाकले. मामांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी आजोळचा उरलोच नाही.

“रस्त्यात कोण मारतं कोपर?”

“आमची ही,” मामा म्हणाले. “बरीच वर्षं झाली.”

बाई किंचित हसल्या, पण कागदावर शेरा लिहिलाच: पिवळे लुकलुकणारे दिवे बसवून गाडी पुन्हा आणावी. त्यांचे काही चुकले नाही. मागच्या टेम्पोवाल्याला आमच्या घरातली कोपरे कशी कळणार?

परतताना मामा बोलले नाहीत. मिस्त्रीने मडगार्डला भोके पाडायचा बेत सांगितला तेव्हा मात्र बोलले, आणि ते इथे छापता येणार नाही. अखेर मिस्त्रीने बंपरच्या आधाराला पट्ट्या कसून दिवे लावले. गाडीच्या अंगाला ओरखडाही नाही. जुन्या पंखांची तार त्याने काढली नाही, मामांनी काढू दिली नाही. आठव्या दिवशी गाडी पास झाली. पुढची तारीख पाहून मामांनी बोटांवर आकडा मोजला. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरचे होते.

सातव्या माळेला आम्ही अंबडला निघालो. मी मागे बसलो होतो. गावाबाहेर डावे वळण आले, नवे दिवे लुकलुकू लागले, आणि मामींचे कोपर खांबावर बसले.

“अगं, आता नको मारूस.”

“असू द्या हो,” मामी म्हणाल्या.

पंख बाहेर आला होता.