सम कुठेय यार?

जॅझ म्हणजे लिफ्टमध्ये वाजतं ते. किंवा तीनशे रुपयांची कॉफी विकणाऱ्या दुकानात, एसीच्या घरघरीत मिसळून कानावर पडतं ते. पस्तिशीपर्यंत माझं जॅझचं जनरल नॉलेज एवढंच होतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं आजही तेवढंच आहे. उरलेले निम्मे पार्टीत ‘आय लव्ह जॅझ’ म्हणतात आणि पुढच्याच मिनिटाला एसआयपीवर घसरतात. असो. मला कुणाची टर उडवायची नाहीये. मी जॅझकडे वळले तीही काही उच्च अभिरुचीमुळे नव्हे. मला आमच्या घरातलं गाणं ऐकवत नव्हतं, म्हणून.

हे जरा नीट सांगायला हवं. आमचं घर पार्ल्याचं. बाबा बँकेत, पण जीव सगळा गाण्यात. संध्याकाळी सातनंतर टेपरेकॉर्डर त्यांचा. गाणं चालू असताना पेपर चाळायचा नाही, शेंगा सोलायच्या नाहीत, बोलायचं तर नाहीच नाही. मांडीवर बोटं मोजत ताल धरायचा. तिसरीत मला सतराचा पाढा धड येत नव्हता, पण तीनतालाची सम डोळे मिटून दाखवता यायची. 2019 मध्ये बाबा गेले आणि मला तानपुऱ्याचा आवाजच सोसेना. लग्नाच्या हॉलात, कुणाच्या तरी गाडीत भीमपलास कानावर आला की घशाशी काहीतरी अडकायचं. मग मी गाणंच बंद करून टाकलं. लोकलमध्ये कानात हेडफोन असायचे, पण त्यात पॉडकास्ट. सकाळी पाचला उठून यशस्वी कसं व्हायचं, या छापाचे. दोन वर्षं हेच. गाण्याच्या घरातली मुलगी आणि फोनमध्ये एक गाणं नाही!

ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या डेस्कवर एक कलीग आहे. बांद्र्याचा, मूळ गोव्याचा, सोम ते शुक्र एक्सेल शीट आणि शनिवार-रविवार बेस. तो माणसाएवढा उंच, व्हायोलिनचा आजोबा दिसणारा, उभ्यानं वाजवायचा. एकदा त्याने माझ्या स्क्रीनवर डोकावून पाहिलं.

‘‘पाचला उठून करणार काय तू?’’

‘‘अजून त्या एपिसोडपर्यंत पोचले नाहीये.’’

‘‘मग एक काम कर. नऊ मिनिटं दे मला. मेल बघायची नाही, काही नाही. फक्त ऐक.’’

आणि त्याने माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधली पहिली चीज लावली, ‘सो व्हॉट’. जॅझ सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हा अल्बम ठेवतात, हे मला नंतर कळलं. पोहायला शिकताना सगळ्यांना आधी उथळ बाजूलाच उतरवतात, तसं. पण उथळ म्हणावा असा तो अजिबात नाही. 1959 साली मार्च आणि एप्रिलमधल्या दोन दिवसांत, न्यू यॉर्कच्या एका स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला. ट्रम्पेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल अॅडर्ली, पियानोवर बहुतेक सगळीकडे बिल एव्हान्स, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. आधी तालमी नाहीत. माइल्सने जुजबी आराखडे आणले आणि म्हटलं, वाजवा. गंमत म्हणजे पहिल्या दिवशी टेप मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू लोकांनी तीसेक वर्षं किंचित चढ्या सुरात ऐकली. ती दुरुस्त झाली 1992 च्या आवृत्तीत. आमच्या बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं, असं मला उगाच वाटतं.

नऊ मिनिटं संपली. माझी प्रतिक्रिया? ‘‘छान आहे. पण सम कुठेय यार?’’

तो खो खो हसला. मग म्हणाला, ‘‘आहे ना. बत्तीस बारनंतर येते.’’

इथून माझी खरी शिकवणी सुरू झाली. एका बारमध्ये चार मात्रा. बत्तीस बार म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचं एक आवर्तन. सुरुवातीला सगळे मिळून धून वाजवतात, ती आपली बंदिश समजा. मग एकेक जण त्याच आवर्तनावर आपापला विस्तार करतो, आणि शेवटी सगळे पुन्हा बंदिशीवर येतात. ‘सो व्हॉट’मध्ये माइल्स दोन आवर्तनं घेतो, कोल्ट्रेन दोन, कॅननबॉल दोन, एव्हान्स एक. हे कळल्यावर तीच नऊ मिनिटं मी बोटं मोजत ऐकली. चार वेळा चुकले, पाचव्यांदा बरोबर उतरले. आणि खरं सांगते, बीकेसीच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये, तिमाहीचे आकडे समोर उघडे असताना, माझ्या तोंडून ‘हाः!’ निघालं. दोन डेस्क पलीकडच्यांनी वळून पाहिलं.

आणखी एक गोष्ट त्याने नाही, मी शोधली. पहिल्या सोळा बारमध्ये जे स्वर लागतात ते आपल्या काफी थाटाचे आहेत. कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. ते लोक त्याला डोरियन म्हणतात. मग पुढचे आठ बार तोच काफी अख्खाच्या अख्खा अर्धा स्वर वर सरकतो, म्हणजे षड्जच हलतो! आणि शेवटचे आठ बार पुन्हा खाली, घरी. राग नव्हे हं. पकड नाही, वादी-संवादी नाही, उगाच ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ म्हणण्यात अर्थ नाही. पण षड्ज हलतो हे लक्षात आलं आणि आपल्या कानाला जॅझ अवघड का जातं, त्याचं उत्तरच मिळालं. आपण जन्मभर एका षड्जाला धरून बसलेलो असतो. तानपुरा तो सोडू देत नाही. जॅझमध्ये खालची जमीन सारखी बदलते, आणि माणूस वर उभा राहून त्या त्या क्षणी तिथलं काहीतरी बोलतो. माझ्यासारखीला, जिच्या घराचा षड्जच दोन वर्षांपूर्वी हलला होता, हे ऐकायला बरं वाटलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

कलीगचा फंडा साधा होता: ‘‘सोलो ऐकू नकोस. बेस ऐक. त्याला धरून ठेव, बाकीचे आपोआप येतील.’’ बेस चालत असतो, एकेका मात्रेवर एकेक पाऊल. ड्रम्सवरची मोठी झांज, राइड सिंबल, तिच्यावर अखंड ठेका चालू असतो. टाळी द्यायची तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिलीवर दिलीत की शेजारचा तुमच्याकडे अशा नजरेने बघतो, जशी आपण भलत्याच जागी दाद देणाऱ्याकडे टाकतो. हा दुसऱ्या-चौथ्याचा प्रकार अंगवळणी पडायला मला तीन महिने लागले. चर्चगेट फास्टमध्ये उभ्याने प्रॅक्टिस केली. डेव्ह ब्रुबेकच्या क्वार्टेटचं ‘टेक फाइव्ह’ मात्र पहिल्याच फटक्यात जमलं. पाच मात्रा, तीन आणि दोन अशी विभागणी, झपतालवाल्या मुलीला त्यात काय विशेष? (धून सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची, ब्रुबेकची नव्हे. हे पार्टीत सांगा, भाव खाल.)

सगळंच आवडलं असं नाही. चार्ली पार्करचा वेग ऐकून पहिल्यांदा धापच लागली, आता कुठे वाक्यं वेगळी ऐकू येतात. ऑर्नेट कोलमनचं ‘फ्री जॅझ’ 1960 साली रेकॉर्ड झालं. त्यात दोन क्वार्टेट एकाच वेळी वाजवतात, एक तुमच्या डाव्या कानात, एक उजव्या. सदतीस मिनिटं. मी दोनदा पूर्ण ऐकलं आणि दोन्ही वेळा आमच्या सोसायटीची एजीएम आठवली. मोठं काम असेलही, पण मला झेपत नाही आणि त्याचा मला न्यूनगंडही नाही. उलट एला फिट्झजेरल्डचा 1960 चा बर्लिनचा लाइव्ह कार्यक्रम ऐका. ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरते, थांबत नाही, जागच्या जागी नवे शब्द रचते, आणि वर आपण विसरलोय हेही गाऊनच सांगते. आमच्या घरी असल्या गोष्टीला उभं राहून दाद मिळाली असती.

मुंबईचं आणि जॅझचं नातं तर आपल्या नाकाखालीच आहे, आणि आपल्याला पत्ताच नाही. 1935 मध्ये लिऑन अॅबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमध्ये आला. त्यानंतर टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक आले. आपली गोव्याची मुलं चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आली होती, ती या बँडमध्ये शिरली आणि पुढे स्वतःचे बँड काढून बसली. सनी रोलिन्स नावाचा सॅक्सोफोनचा बादशहा साठच्या दशकाच्या शेवटी चक्क पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि 1978 च्या पहिल्या जॅझ यात्रेला वाजवायला परत आला. पवईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की हे आठवा, जरा सुसह्य होतं.

पण मला हलवलं ते चिक चॉकलेटने. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव आल्दोना. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री ताजमध्ये बँड, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. आणि काम कुणाबरोबर? आपल्या सी. रामचंद्रांबरोबर. 1951 च्या ‘अलबेला’त तर तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. आता ‘अलबेला’ म्हणजे बाबांचा जीव की प्राण. ख्याल-ठुमरी सोडून त्यांनी मान्य केलेला एकमेव ‘हलका’ प्रकार. रविवारी दाढी करताना ती गाणी ठरलेली, आणि ट्रम्पेटच्या तुकड्याला ब्रश हवेत थांबायचा. पाश्चात्त्य संगीत म्हणजे नुसता गोंगाट, असं म्हणणारा माणूस गालाला फेस लावून दर रविवारी चिक चॉकलेट ऐकत होता! मला हे रात्री अकराला वाचताना कळलं आणि सवयीने मी बाबांना सांगायला बाहेरच्या खोलीत निघाले. दारापर्यंत गेले.

त्या आठवड्यात कलीगने बिल एव्हान्स दिला. 25 जून 1961, रविवार, न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड क्लबमधलं रेकॉर्डिंग. पियानो, बेस, ड्रम्स, बस. बेसवर स्कॉट लफारो, वय पंचवीस. तो साथ करत नाही, पियानोशी गप्पा मारतो. मधेच ग्लासांची किणकिण ऐकू येते, कुणीतरी हसतं, कुणीतरी बोलतंय. लोक आपले रविवार घालवायला आलेत, काय ऐकतोय याची अर्ध्यांना शुद्ध नाही. अकरा दिवसांनी, 6 जुलैला, लफारो गाडीच्या अपघातात गेला. एव्हान्सने पुढचे कित्येक महिने लोकांसमोर पियानोला हात लावला नाही.

‘‘आणि मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काय. वाजवायला लागला परत. दुसरा बेसवाला घेऊन.’’ कलीग जरा थांबला. ‘‘तसं नाही वाजलं परत. पण वाजलं.’’

आमच्या घरी माळ्यावर बाबांच्या कॅसेटचे दोन खोके आहेत. पार्ल्यातल्या घरगुती बैठकींत मांडीवर रेकॉर्डर ठेवून त्यांनी स्वतः भरलेल्या. दोन वर्षं मी त्या माळ्याकडे बघितलं नव्हतं. डेक बंद पडलेला होता. शनिवारी तो घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. एका काकांनी बेल्ट बदलून दिला, साडेतीनशे रुपये घेतले, आणि ‘आजकाल कोण ऐकतंय’ हे वाक्य फुकट दिलं.

रविवारी एक कॅसेट लावली. आधी नुसता पंख्याचा आवाज. कुणीतरी खोकलं. कपबशा. मग तानपुरा, आणि माझा हात स्टॉपच्या बटणावर गेला. मी बेस शोधावा तसा तबल्याचा ठेका शोधला आणि त्याला धरून बसले. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला गायिका अशी काही समेवर आली, आणि अगदी माइकजवळ, त्या सगळ्या गोंधळात सर्वांत मोठ्याने, बाबांचा आवाज आला: ‘‘व्वा!’’

आई आतून हात पुसत आली. काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसली आणि मांडीवर बोटं मोजायला लागली. तिला ताल येतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

खोक्यात अजून एकोणचाळीस कॅसेट आहेत. येत्या रविवारी कलीगला जेवायला बोलावलंय, बेस घेऊनच ये म्हटलंय. बांगडे आणायचे की सुरमई, एवढंच आईने विचारलं.