आळ

संगणकामुळे मनुष्य शहाणा झाला की नाही, याचा निवाडा विद्वानांनी करावा. आमचा उतावळेपणा मात्र त्याने एकदा पुरता उघडा पाडला. ती हकीगत सांगण्यात संकोच आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता संगणक आहे, आणि बिघाडाचे कारण शोधण्याची वेळ कधी ना कधी प्रत्येकावर येतेच.

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील ही गोष्ट. आमचा धर्मग्राम बुलढाणा जिल्ह्यातला. बहुतेक कुटुंबे शेतीवर आणि मजुरीवर जगणारी. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती. एका मजुराची कन्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी आमच्या कार्यालयात आली. मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. सारी माहिती भरून झाली, आणि छायाचित्र जोडू लागताच ब्राउझर, म्हणजे ज्याच्याद्वारे आपण इंटरनेट पाहतो तो प्रोग्राम, अचानक बंद पडला. पुन्हा उघडला, पुन्हा अर्ज भरला, पुन्हा तेच. चौथ्या खेपेस त्या लेकीचे डोळे भरून आले.

आमचा संशय तत्काळ एका वेदीसेवकावर गेला. हा मुलगा संध्याकाळी गीतांचे कागद टाइप करण्यास येत असे आणि काम झाल्यावर त्याच संगणकावर गाणी ऐकत असे. “हे तुझेच उपद्व्याप,” असे आम्ही चारचौघांत म्हणालो आणि कार्यालयाची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. “फादर, म्या तं कशाले हातबी नाई लावला,” एवढेच तो बोलला. आम्ही ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील सोंगणी सोडून तिला एस.टी.ने चिखलीस घेऊन गेले आणि तेथून अर्ज भरून आले. अर्ज गेला, परंतु भर हंगामातील एका दिवसाची मजुरी बुडाली.

इकडे आम्ही ब्राउझर काढून टाकला व नव्याने बसविला. असे तीनदा केले, गुण आला नाही. कारण पुढे कळले. प्रोग्राम काढला तरी आपल्या खुणा, आवडीनिवडी आणि जोडलेली साधने ज्यात साठतात, ते ‘प्रोफाइल’ बहुधा संगणकातच राहते. घर नवे बांधले, पण पेटारा तोच आत नेऊन ठेवला, असा हा प्रकार.

रविवारी दुपारी मात्र शांतपणे बसलो. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना एक नियम मनावर बिंबविला गेला होता : कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. त्याची आता आठवण झाली. प्रथम पाहिले, की इतर प्रोग्राम बंद पडतात काय? नाही. तेव्हा यंत्राचा दोष असण्याचा संभव कमी. क्रोम २००८ साली आला तेव्हापासून प्रत्येक पान वेगळ्या प्रक्रियेत चालविण्याची पद्धत रूढ होत गेली. एक पान कोसळले तरी बाकीची तगावीत, हा हेतू. आमचा तर सारा ब्राउझरच मिटत होता. म्हणजे दोष एखाद्या पानाचा नसून मुळाशी असावा.

मग ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधने, ज्यांना एक्स्टेन्शन म्हणतात, ती पाहिली. आठ निघाली. आठही बंद केली. ब्राउझर तासभर सुरळीत चालला. चार सुरू केली, तरीही ठीक. म्हणजे गुन्हेगार उरलेल्या चारांत. त्यांपैकी दोन सुरू करताच छायाचित्र जोडताना सारे कोसळले. त्या दोहोंतील एक बंद केले आणि चोर सापडला. आठांतून एक शोधण्यास तीन चाचण्या पुरल्या. ब्राउझरच्या आतच कोण किती मेमरी खातो हे दाखविणारा तक्ता असतो. तो उघडला, तेव्हा हे एकच साधन आमच्या चार जीबी मेमरीचा मोठा घास घेत असल्याचे दिसले.

ते साधन कोणी बसविले होते? आम्हीच. परिपत्रकांच्या पीडीएफ फाइली एकत्र जोडण्यासाठी, जून महिन्यात, फुकट मिळते म्हणून.

त्याच संध्याकाळी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आळ चारचौघांत घेतला होता, म्हणून क्षमाही त्याच्या आईवडिलांसमोर मागितली. तो खाली मान घालून उभा होता. थोड्या वेळाने म्हणाला, “मंग फादर, उद्या किल्ली घ्याले येऊ?” मुलीच्या वडिलांना बुडालेली मजुरी देऊ केली; त्यांनी ती घेतली नाही. ते ऋण आमच्या माथी राहिले आहे.

वाचकहो, आपला ब्राउझर असा वारंवार बंद पडू लागला तर आधी संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. ब्राउझरची नवी आवृत्ती घ्यावी. मात्र विंडोज ७ वर क्रोमची १०९ हीच शेवटची आवृत्ती, फेब्रुवारी २०२३ मधील ११० तेथे चालत नाही. एक्स्टेन्शन निम्मी निम्मी करून तपासावीत. तरीही भागले नाही तर नवे प्रोफाइल करून पाहावे, आणि इतर प्रोग्रामही कोसळत असतील तर मेमरीची तपासणी करावी. विंडोजमध्ये तिची सोय असते.

आणि हे सारे होईपर्यंत कोणाच्याही हातातून किल्ली काढून घेऊ नये.